यमू बोलते तेव्हा मी अमरावतीत असतो

६ जुलै १९३५, अकोला
यमूला अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, ठेवून आज अमरावतीला निघायचं. यमूची आई जाऊन चार महिने झाले. शाळा सांभाळून तान्हं पोर एकट्यानं... नाही जमत. यमू 'बा-बा-बा' करते, मांजराकडे बघून, छताकडे बघूनही. अक्का म्हणाली, "तुले बाबा म्हनून राहिली." मिटलेले ओठ उघडले की तो आवाज आपसूक निघतो, हे मला कळतं. तरी गाडीतही तेच कानात राहणार.

२८ ऑक्टो., अकोला
दिवाळीची सुटी. पहिला शब्द फुटला : माऊ. मांजर माऊ, शेळी माऊ, भाऊजींच्या मिश्याही माऊ. केसाळ ते सगळं तिच्या एका शब्दात बसतं. मला मिशी नाही. मला अजून नावच नाही.

९ फेब्रु. १९३६, अमरावती
चौथीला क्रियापदं शिकवली. घरी आलो, यमूचा आवाज आठवत बसलो. चेहरा येतो, आवाज येत नाही.

१२ मे, अकोला
आता दोन शब्द जोडते. "माय पानी." माय म्हणजे अक्का. तिची पोरं म्हणतात तेच हिनं उचललं. ती पोरं मला मामा म्हणतात, म्हणून हीपण म्हणते, "मामा."
अक्का कावरीबावरी. "मामा नाई वं, बाबा म्हन."
यमू माझ्याकडे बघून शहाण्यासारखी म्हणाली, "बाबा म्हन."
सगळे हसले. मीपण हसलो. मग मळ्यात जाऊन वांग्यांना पाणी देत राहिलो.

१५ नोव्हें., अकोला
"गाय येली." घरात असं कोणीच म्हणत नाही. बसली, उठली, पडली ऐकून 'ये'ला 'ली' जोडून हिनं स्वतःच बनवलं. 'आली' म्हण, सांगितलं. मान हलवली, पुन्हा 'येली'. चूक कसली, नियम पाळते आहे. आपली भाषाच तिच्याइतकी सरळ नाही.
असं अजून काय काय बनवलं असेल, मी इथं नसताना?

२० जून १९३७, अकोला
अमरावतीत शेजारच्या काकू यमूला दिवसा सांभाळायला तयार आहेत. हिला नेऊ का, अक्काला विचारलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "घेऊन जा. तुहीच लेक हाय."
संध्याकाळी यमूला मांडीवर घेऊन सांगितलं, मी मामा नाही, तुझा बाबा.
"बाबा मंजे काय?"
मामा तिला कळतो : सुटीत येतो, जातो. त्यात तिचं काही चुकलं नाही.

२१ जून
सकाळची गाडी. यमूचे कपडे अक्कानं रात्रीच बांधून ठेवले. पोरगी गाठोड्यावर बसून विचारते, "माय बी येते नं?"
अक्का परसात गेली. मी वही काढून हे लिहितो आहे. टांगा दारात आहे.