राजकन्यांची लेन्स

३ जून
आणि तरीही चूक माझीच म्हणे! काल शुक्रवार बाजारातून लेन्स आणली तेव्हापासून आमच्या स्टुडिओच्या मालकांची, उस्ताद शुक्रींची, तीच टकळी. सात हजार पौंडांत लोक फ्रिज घेतात, तू पितळी हंडी घेऊन आलास. हंडी! जुनी जर्मन पोर्ट्रेट लेन्स आहे ती. विकणारा बयूमी म्हणाला, हिच्यातून राजकन्यांचे फोटो निघालेत. कुठल्या राजकन्या ते विचारलं नाही. विश्वास म्हणून काही असतो की नाही? शिवाय फोनवर एका दाढीवाल्या रशियन माणसाचा व्हिडिओ पाहिला. असलीच लेन्स छातीशी धरून बोलत होता, डोळ्यांत पाणी. भाषा कळली नाही. पण एवढा मोठा माणूस उगाच रडतो का?
पैसे नवाराला लग्नात घालायच्या सोन्याचे होते, ठाऊक आहे. ईदच्या आत गावी, सोहागला, सोनं पोचलं नाही तर हसनैनकाका तिला कुवेतवाल्या मुलाला देणार. पोचेल! सख्ख्या काकाची मुलगी, पहिला हक्क माझा. लेन्स एका लग्नाच्या फोटोंत वसूल. दुसऱ्या लग्नात सोनं. तिसऱ्यात इथेच कैरोमध्ये स्वतःचा स्टुडिओ.

५ जून
ओळखपत्राच्या फोटोसाठी एक शाळेच्या बाई आल्या. उस्ताद जेवायला गेलेले. लावली लेन्स. डोळे असे आले की पापणी न् पापणी दिसावी. कान मात्र मागच्या पडद्यात विरघळले आणि पडदा गरगर फिरायला लागला. तीच तर या लेन्सची खासियत!
संध्याकाळी बाई परत. सरकारी खिडकीतल्या माणसाने विचारलं म्हणे, बाई, भोवऱ्यात पडला होतात का? उस्तादांनी दुसरा फोटो फुकट काढून दिला, म्हणजे माझ्या पगारातून. वर म्हणाले, तुम्हा दक्षिणेकडच्या सईदी लोकांना इकडच्या रेल्वेत बसवतं कोण? कला सरकारला कळत नाही, उस्तादांना कुठून कळणार.

८ जून
आईचा फोन. काकांच्या घरी माझा फोटो मागितलाय. बरंसं काही घालून काढ रे बाबा, म्हणाली.
याला म्हणतात संधी. फोकस लावायला माझ्या जागी झाडू उभा केला. मग झाडू काढला, टायमर लावला, मी उभा राहिलो. झाडू माझ्यापेक्षा चार बोटं पुढे होता बहुतेक. तोंड ढगात गेलं. पण शर्टाचं तिसरं बटण काय आलंय! सुटलेला दोरासुद्धा दिसतो. दिला पाठवून.

९ जून
आई सांगत होती, काकांनी फोन लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला आणि विचारलं, पोराला काही आजारबिजार? काकू म्हणाली, बटण तरी शिवून घ्यायचं मेल्याने. नवारा काय म्हणाली, विचारलं. आई म्हणे, हसली.
हसली म्हणजे आवडला.

१२ जून
मिळालं लग्न! आपल्या गल्लीतला खाटीक, हाजी शहाता. मुलीचा निकाह गुरुवारी. उस्तादांच्या पाठीत उसण भरलीय, म्हणून मी एकटाच. हाजी म्हणाले, खलफ बेटा, बाकी फोटो कसेही येऊ देत. पण मी आणि जावई हात धरतो ना, तो एक फोटो झकास पाहिजे. दुकानात गल्ल्याच्या वर लावणार आहे. फोटो चांगला आला तर माझ्या तिन्ही भावांच्या घरची लग्नं तुलाच.
तीन भाऊ! प्रत्येकाला चार-पाच मुली असतीलच. सोनं आलंच समज. आईला फोन करून सांगितलं, काकांना सांग, सेट जड घेणार आहे.
उस्ताद झोपल्या झोपल्या म्हणाले, स्टुडिओतली साधी लेन्स बरोबर ने. आणि ती हंडी लावलीसच तर तिचं भोक बारीक कर, म्हणजे सगळ्यांची तोंडं नीट येतील. भोक बारीक करायचं तर राजकन्यांची लेन्स घेतली कशाला? साधी नेली नाही. वजन होतं.

१६ जून
काल निकाह झाला. मांडवात दिवेच दिवे. सासरा-जावई समोरासमोर बसले, अंगठ्याला अंगठा. काझींनी दोघांच्या हातांवर पांढरा रुमाल टाकला. मी फोकस बरोबर मधोमध घेतला. मधोमध! उस्तादांनी शिकवलं तसं. एकच फोटो मिळाला, कारण कबूल-कबूल होताच सगळ्या लग्नाळू पोरांनी रुमालावर झडप घातली. ज्याच्या हाती लागेल त्याचं लग्न आधी होतं ना. मीही घालणार होतो, कॅमेरा आडवा आला.
फोटो अप्रतिम असणार. अजून मोठा करून पाहिला नाही. पाहायची गरज नाही.

१८ जून
हाजी शहातांनी फोटो पाहिला. बराच वेळ. मग हळूच विचारलं, मी कुठला?
डावीकडचा ढग, मी म्हणालो.
आणि जावई?
उजवीकडचा.
रुमाल मात्र काय आला होता! एकेक धागा, कोपऱ्यातली वेलबुट्टी, काझींच्या चहाचा डागसुद्धा. हाजी ओरडले, अरे, रुमालाच्या लग्नाला तीनशे माणसं जेवू घातली का मी? व्याह्यांना काय दाखवू? मी समजावलं, हाजी, यात आत्मा आहे. ते म्हणाले, आत्मा तुझा काढतो, थांब. आणि आत सुरा आणायला गेले. खाटकाकडे सुरा असतोच, त्यात विशेष नाही. तरी मी निघालो.
अॅडव्हान्स उस्तादांनी परत केला. दोन महिने पगार नाही. भावांची लग्नं दुसऱ्या स्टुडिओकडे गेली. दुसऱ्या स्टुडिओत काय दर्जा आहे, सगळ्यांना माहीत आहे.

२३ जून
लेन्स तात्पुरती विकायचं ठरवलं. बयूमी उलटीपालटी करून म्हणाला, ही? पितळ आहे नुसतं. आणि शेजारच्या कांदेवाल्याच्या तराजूत टाकली. मी म्हणालो, अरे, राजकन्या! तो म्हणाला, राजकन्यांचं वजन वेगळं करू का? मोडीचा भाव दिला, तीनशे पौंड. मी दहा पावलंही गेलो नव्हतो, मागे आवाज आला: या साहेब, हिच्यातून राजकन्यांचे फोटो निघालेत.
साहेब थांबला. म्हणजे माझी पारख खोटी नव्हती.

२६ जून
आईचा फोन. नवाराचा साखरपुडा ईदच्या तिसऱ्या दिवशी. कुवेतवाला. सोनं जड आहे म्हणे. मी म्हणालो, बरं झालं, मला आता कामाकडे लक्ष देता येईल. आई म्हणाली, आपल्या फिरदौसच्या, तुझ्या बहिणीच्या, लग्नात काकांनी आहेर केला होता, तो आता फेडायला हवा, नाहीतर लोक म्हणतील पोरगा जळला. मी म्हणालो, जळतंय कोण?
नवाराने विचारलंय, खलफ येणार का. सुट्टी नाही म्हणून सांगितलं. सुट्टी आहे.
आहेराचे पाठवतोय. तीनशे पौंड.