इमानाचं पासिंग

२८ डिसेंबर, सकाळ

फ्लेक्स आला. झकास आला. उजव्या कोपऱ्यात गॉगल लावलेला मी, डाव्या कोपऱ्यात विमान, मध्ये मजकूर : 'प्रजासत्ताक दिनानिमित्त कॅप्टन शालिग्रामभाऊ यांच्या हस्ते आकाशातून पुष्पवृष्टी. स्थळ : शाळेचं मैदान.' शेलूबाजारच्या चौकात लावला. जीपवाले थांबून वाचतात.

माझं लायसन्स प्रायव्हेट पायलटचं आहे. पण लोक प्रेमानं कॅप्टन म्हणतात. सुरुवात मीच करून दिली होती.

एक बारीक काम तेवढं बाकी. विमानाच्या वार्षिक तपासणीची मुदत संपत आली. वर्षातून एकदा लायसन्सवाल्या इंजिनिअरनं विमान उघडून पाहायचं आणि सही करायची. सही नाही तर उडायचं नाही. गावात याला 'इमानाचं पासिंग' म्हणतात. जीपचं असतं तसंच. फॉर्मॅलिटी.

विमान दोन सीटचं, वयानं माझ्यापेक्षा जरासंच लहान. बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबकडून घेतलं. जुना माल. जुन्या मालाला काही होत नाही.

संकल्प : उद्यापासून पहाटे चालणे. कॅप्टनला ढेरी शोभत नाही.

३० डिसेंबर

माझ्या वावरातल्या धावपट्टीवरचं पत्र्याचं शेड साफ केलं. भाव वाढेपर्यंत सोयाबीनची पोती तिथंच ठेवली होती, विमानाच्या पंखांखाली. एवढी जागा रिकामी कशाला ठेवायची? साधना तेव्हा म्हणाली होती, "इमानाच्या घरात सोयाबीन ठिवता, मंग इमान काय कोठीत ठिवसान?" बायकोला मॅनेजमेंट कळत नाही.

पोती उचलताना काही उंदीर पळाले. काही म्हणजे बरेच. गेले. विषय संपला.

उजव्या पंखाखाली, मुळाशी, रंगाला फोड आलेत. दाबले की पांढरी भुकटी पडते. विमानालाही घामोळं येत असावं. चंदेरी रंगाचा डबा आणून दोन हात मारले. आता नवरीसारखं दिसतंय.

चालणे : एक तारखेपासून. महिन्याच्या मधूनच सुरू केलेलं टिकत नाही.

२ जानेवारी

पौर्णिमा आली. आसेगावच्या धम्मपाल गुरुजींची मुलगी. नागपूरला विमानांची इंजिनिअर आहे. मुद्दाम हिलाच बोलावलं. आपल्याच तालुक्यातली, लहानपणी माझ्या बांधावरची बोरं खायची. आपल्या माणसाला आपला माणूस अडवत नाही. दुपारी सही, संध्याकाळी पार्टी, असा प्रोग्रॅम ठरवला होता.

मी मोठ्या मनानं म्हणालो, "तुमच्यातली पोरंबी किती शिकली वा आता!" ती म्हणाली, "काका, स्क्रू ठेवायले डबा द्या."

तिचा सत्कार करायचा होता. मागच्या वर्षी मला मिळालेली शालच पुन्हा वापरणार होतो, पण ती सापडेना. तोवर हिनं विमानाचे सगळे पत्रे खोलले. विमान दिसेनासं झालं, नुसती हाडं. वेग मोजायच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं निघालं. पौर्णिमा म्हणाली, "वर गेल्यावर इमानाचा वेग कसा समजला असता?" मी म्हणालो, "अनुभवानं."

मग तिनं उजव्या पंखात हात घातला आणि उंदरांचं घरटं बाहेर काढलं. त्यात पोत्याचे तुकडे, सोयाबीनची टरफलं आणि शाल. जरीच्या काठाकडूनच खाल्ली होती. उंदरांनाही कळतं.

सत्कार नारळावर भागवला. नारळ तिनं टेबलावर ठेवला आणि पुन्हा पंखाखाली शिरली.

३ जानेवारी

आज वाजलं.

पौर्णिमानं माझा चंदेरी रंग खरवडला. खालचा पत्रा पापडासारखा सुटला. आतला जो मुख्य दांडा पूर्ण पंख तोलतो, त्यालाही लागण झाली आहे म्हणे. उंदरांचं मूत अॅल्युमिनियम खातं. उंदीर सोयाबीनसाठी आले, सोयाबीन मी ठेवलं, म्हणजे माझ्याकडे बोट दाखवायची तिची पद्धत. पंख उतरवून वर्कशॉपला न्यावा लागेल. सव्वीस जानेवारीचं विसरा.

मी म्हणालो, मागच्या वर्षी तर उडालं होतं. ती म्हणाली, "मागच्या वर्षी शेडमंधी सोयाबीन नव्हतं, काका."

मी म्हणालो, "बेटा, वर देव आहे."

"असन," ती म्हणाली. "पण तुमी त्याले पंख धरून ठेवायले लावता."

ब्रेक, तारा, इंजिन अजून पाहायचं होतं तिला. मी साफ सांगितलं, पुढचं काही उघडायचं नाही, दोषच काढायचे तर माणूस कशातही काढतो. तिनं हत्यारं आवरली. जाताना साधनाशी फाटकात बराच वेळ बोलत उभी होती. बायकांचे विषय असतील.

पत्रे रूपलाकडून बसवून घेतले. रूपला शेलूबाजारचा जीप मेकॅनिक. सगळे बसले. थोडे स्क्रू उरले. रूपला म्हणतो, कंपनी जास्तीचेच देत असते.

५ जानेवारी

आसेगावला गेलो. गुरुजींना पेढे दिले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग विषय काढला. मुलीला जरा समजवा. सहीच तर आहे.

धम्मपाल गुरुजी पेढा खाऊन बोलले : "शालिग्रामभाऊ, चौथीत असतानी तिचं प्रगतिपुस्तक आलं. मी चहा पेता पेता सही करून राह्यलो होतो. तिनं माह्या हातातून पेन घेतला. म्हणे, बाबा, आदी वाचा, मंग सही करा. मी तिचा बाप असून माही ही गत. तुमी तं काकाच."

आणि हसत बसले. शिकलेल्या लोकांना प्रॅक्टिकल ज्ञान नसतं. पेढ्यांचा डबा मात्र रिकामा केला.

८ जानेवारी

मार्ग निघाला. मी म्हणतच होतो.

दूरच्या एका शहरातला इंजिनिअर. फोनवरच काम करतो. फोटो पाठवा, कागद कुरिअरनं येईल. डाव्या पंखाचे फोटो दोनदा पाठवले, एकदा मोबाइलमध्ये उलटे करून. शेवटी दोन्ही पंख भाऊभाऊच.

फोन ठेवताना तो म्हणाला, "साहेब, उडायचं तर उडा. पण एकटे उडा. घरच्यांना बसवू नका."

मोठ्या पायलटलाच लोक असा सल्ला देतात. सोलो फ्लाइटचा मान वेगळाच असतो.

१२ जानेवारी

कागद आला. शिक्का जरा फिकट आहे, पण गोल आहे.

नवी अडचण : पायलटचे हात कामात. फुलं कोण टाकणार? आमच्या रामकिसनला विचारलं. माझ्याकडे सालदार आहे, बैलाच्या शिंगांना घाबरत नाही. तो म्हणाला, सव्वीस तारखेला त्याला ताप येणार आहे.

म्हणजे साधनाच. तो इंजिनिअर घरच्यांना बसवू नका म्हणाला होता, पण त्याला साधनाचं वजन कुठं माहीत. हलकी आहे.

तिला सांगितलं. तिनं एकच विचारलं : "सही झाली का?"

झाली, म्हणालो.

"पौर्णिमाची?"

सही ती सही, म्हणालो. तिनं भाकरी उलटवली.

१४ जानेवारी, संक्रांत

साधना तयार! मला खात्री होतीच. तिळगूळ हातावर ठेवून म्हणाली, "येतो मी. पण पयले जमिनीवर चालवून दाखवा. मी संग बसतो."

याला म्हणतात विश्वास. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच विमानात बसायची इच्छा दाखवली. वीस तारखेला रंगीत तालीम. फोटोग्राफर सांगून ठेवला.

चालणे : संक्रांत झाली, आता दिवस मोठा होईल, आपोआप जमेल.

२० जानेवारी, दुपार

तालीम झाली. एकूण यशस्वी. काही किरकोळ गोष्टी नोंदवून ठेवतो.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. साधना शेजारी, पट्टा आवळून, हिरव्या लुगड्यात. फोटोग्राफरला हात केला. पट्टीच्या टोकापर्यंत दौडत जायचं आणि वळून यायचं, एवढंच. जरा वेग घेतला, फोटोत धूळ चांगली दिसते. टोक आलं. ब्रेक दाबले. ब्रेक खाली गेले आणि खालीच राहिले. (ब्रेकची नळी उंदरांनी कुरतडलेली होती. हे नंतर समजलं.)

पट्टी संपली, विमान संपलं नाही. तारेचं कुंपण तोडून आम्ही शेजारच्या पुंजाजीच्या वावरात शिरलो. बांधावरच्या बाभळीला उजवा पंख लागला. लागला म्हणजे टेकलाच. आणि चंदेरी रंग दिला होता बरोबर तिथं दुमडला, भिजल्या पुठ्ठ्यासारखा. विमान गर्रकन फिरलं आणि पुंजाजीनं कापून रचलेल्या तुरीच्या गंजीत नाक खुपसून थांबलं. नाकावरचा पंखा फिरतच होता. तुरीच्या शेंगा, काड्या, पाला, सगळं आभाळात. पुष्पवृष्टी म्हणतात ती हीच.

इंजिनाची चावी साधनानं बंद केली. मी करणारच होतो.

पंखातून पेट्रोल गळायला लागलं. पुंजाजी लांबून पळत आला, "इडी इझवा, इडी इझवा!" ओरडत. मग थांबून स्वतःच्याच तोंडातली विडी काढली आणि मातीत दाबली. आम्हाला ओढून बाहेर काढलं. साधनाच्या कपाळाला खोक पडली होती. पुंजाजीनं गंजीकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मळनीयंत्र आनाचं होतं तं आदी सांगाचं ना, भाऊ. पोते तरी आनले असते."

फोटोग्राफरनं सगळे फोटो काढले. नेमका याच वेळी त्याला कामाचा उत्साह.

२० जानेवारी, संध्याकाळ

साधनाला टाके पडले. दवाखान्यातून येताना जीपमध्ये मीच सुरुवात केली : जमिनीवर झालं ते बरंच झालं, वर असतो तर...

स्वेटर काढून साधनाच्या अंगावर टाकला. थंडीचे दिवस आहेत.

घरी आल्यावर विचारलं, पौर्णिमानं फाटकात काय सांगितलं होतं? म्हणाली, "सारं सांगितलं."

मग बसलीस कायले?

ती पदराखाली पट्टी दाबत बोलली. मी जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"तुमाले नाही म्हटलं असतं तं तुमी एकटे गेले असते. तुमी वर गेले का मी अंगणात उभी राहतो. आवाज वापस येऊन राह्यला का नाही, आयकतो. दूध उतू जाते, पोरीचा फोन वाजते, मी अंगणातच. लोकाईले वाटते, बाई नवऱ्याचं कवतुक पाहून राह्यली. आता अजून एक डाव नव्हतं उभं राहनं होत मले. म्हटलं जमिनीवरच काय ते होऊन जाऊ दे, मी संग असतानी."

मी म्हणालो, हे आधी सांगायचं. ती म्हणाली, "कोनाले?"

उत्तर उद्या लिहितो.

२३ जानेवारी

पौर्णिमा आली. मी बोलावलं नव्हतं. म्हणजे फोन केला होता, पण ये असं म्हणालो नव्हतो.

ती ओरडेल म्हणून चांगली चार-पाच उत्तरं तयार ठेवली होती. तिनं दुमडलेला पंख पाहिला, हातमोजे काढले आणि विचारलं, "काकूचं कपाळ कसं हाये?" उत्तरं सगळी वाया.

मी म्हणालो, पंख नवा बसवला तर? ती म्हणाली, बाकीचंही सगळं उघडून पाहावं लागेल. अगदी सगळं. मी म्हणालो, बघ. मग तो कुरिअरचा कागद तिला दाखवला. तिनं वाचला. त्या फोनवाल्या इंजिनिअरची तक्रार करावी लागेल म्हणाली, आणि तुमचंही नाव येईल त्यात. मी म्हणालो, "काकाचं नाव कशाला?" ती म्हणाली, "फोटो कोनं पाठवले?"

तक्रारीच्या अर्जावर तिनं माझी सही मागितली. मी पेन घेतला. आधी वाचलं. दोनदा.

२६ जानेवारी

फ्लेक्स काढायचा राहूनच गेला. मैदानावर सगळा गाव वर बघत उभा. झेंडावंदन झालं तरी माना वरच. हेडमास्तर माझ्या कानाशी लागले, आता काहीतरी करा, लोक हलत नाहीत.

फुलांची टोपली हातात होतीच. शाळेच्या स्लॅबवर चढून उधळावीत असं ठरलं. शिडी आणली. लाकडी, जुनी. मी पहिली पायरी हलवून पाहिली. दुसरी हलवून पाहिली. तिसरीवर जोर देऊन पाहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "कॅप्टन, पासिंग झालं का शिडीचं?" सगळं मैदान हसलं. साधना पुढं आली, कपाळावर पट्टी, आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली.

चढलो. स्लॅबपर्यंत जायचा विचार होता. पण निम्म्यावर पाय थांबले, वरही जाईनात, खालीही येईनात. तिथूनच फुलं टाकली. उंची अंदाजे बैलगाडीवर उभ्या माणसाएवढी. वारा उलटा होता. झेंडूच्या बऱ्याच पाकळ्या माझ्याच अंगावर आल्या, थोड्या साधनाच्या डोक्यावर. एक-दोन पुंजाजीच्या टोपीवर. त्यानं काढल्या नाहीत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते विचारलं नाही.

टोपली रिकामी झाली. साधना खालून म्हणाली, "उतरा आता."

उतरलो.