पंकजवरची झडती उतरवून मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, हिवरधरा मंडळ,
जिल्हा आदिलाबाद, तेलंगणा राज्य.

अर्जदार: महिपत बापूजी ठमके, वय साठ वर्षे, धंदा किराणा, राहणार मारोतीच्या पाराजवळ, हिवरधरा.

विषय: पोळ्याच्या तोरणाखाली कॉलेजचा गोली (गोलकीपर) पंकज याच्यावर म्हटली गेलेली झडती, शनिवार दिनांक १३ सप्टेंबरच्या फुटबॉल सामन्याआधी सरकारी हुकमाने उतरवून मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचा दिनांक १ सप्टेंबर २०२५ चा अर्ज.
२) सदर अर्ज परत करताना आपल्या पेशकारांनी दिनांक ४ रोजी खिडकीतून दिलेला तोंडी शेरा.

महोदय,

१. अर्जदार हा याच गावचा असून त्याच्या दुकानापुढे एक लाकडी बाक आहे. या बाकावर गावातले फुटबॉलचे शौकीन सकाळ-संध्याकाळ बसतात आणि आपल्या नागनाथ पदवी महाविद्यालयाच्या संघाचा पुढचा सामना कोण जिंकणार यावर वाद घालतात. त्यांच्यापैकी एकानेही जन्मात बॉलला लाथ मारलेली नाही. तरी कोणत्या पोराला बसवावे, कोणाला खेळवावे, हे बाकावर ठरते. अर्जदार चहा देतो आणि वाद ऐकतो. ऐकतो असे लिहिणे पुरते खरे नाही, अर्जदारही बोलतो, आणि सर्वांत जास्त बोलतो.

२. आपण बदलून नवीन आला आहात, म्हणून दस्तूर सांगणे भाग आहे. पोळ्याच्या दिवशी बैलं सजवून तोरणाखाली उभी राहिली की गावातली माणसं एकमेकांची उणीदुणी काढणारी चार-सहा ओळींची कवने ओरडून म्हणतात. त्याला झडती म्हणतात. ज्याच्यावर झडती पडली त्याने तोरण तुटायच्या आत उलट झडती म्हणायची, की हिशेब मिटला, दोघांनी मिळून बैलाला पुरणपोळी चारायची. पण जो गप्प राहिला, त्याच्या अंगावर ती झडती पुढच्या पोळ्यापर्यंत राहते. लग्नात, बाजारात, मोटारीच्या थांब्यावर, कोणीही ती त्याला ऐकवावी, त्याने रागावू नये. म्हणणाऱ्यालाही ती परत घेता येत नाही. थुंकलेलं गिळता येत नाही, असे आमच्याकडे म्हणतात.

३. दिनांक १४ ऑगस्ट रोजी मुधोळच्या संघाशी सामना होता. शेवटच्या मिनिटाला एक साधा, लोळत आल्यासारखा बॉल पंकजने, म्हणजे आपल्या गोलीने, न अडवता जाऊ दिला. बॉल खांबाच्या आतल्या अंगाला लागून गोलात गेला. आपण एक शून्याने हरलो. आठ दिवसांनी पोळा आला. तोरणाखाली पुढील झडती म्हटली गेली:

धुऱ्यावर बुजगावणं, हातात मोजे,
पाखरं मनते, हे आपलेच राजे!
मुधोळचा बॉल आला पाव्हणा दाराशी,
पंकजनं पाट मांडला खांबाच्या उशाशी;
ये रे बाप्पा, बस रे बाप्पा, जेवून घे दोन घास,
गोली आमचा सज्जन भारी, पाव्हण्याचा दास!
बोला, हर हर महादेव!

सगळा गाव हसला. बैलांच्या शिंगांवरचे बेगड हलावे इतका हसला. पंकज तिथेच, आपल्या आईच्या एकुलत्या एका बैलाचा कासरा धरून उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. तोरण तुटले.

मागच्या अर्जात ही झडती "कोणी एका इसमाने" म्हटली असे लिहिले होते. तो इसम अर्जदारच होय. चाळीस वर्षे या गावात झडत्या अर्जदारच रचतो.

४. त्यानंतर जे झाले त्याला अर्जदार एकटा कारण नाही. मोबाईल रिचार्जचे दुकान चालवणारा भूषण याने झडती आपल्या आवाजात भरून गावच्या फुटबॉल ग्रुपवर टाकली. दिनांक २९ रोजी बेज्जूरच्या संघाशी सामना झाला, तेव्हा पंकजकडे बॉल आला रे आला की अर्धे मैदान ओरडायचे, "पाट मांड, पंकज, पाट मांड!" भूषणने तर खरोखरचा पाट आणून गोलखांबामागे ठेवला, वर तांब्याभर पाणी ठेवले. तो पाट अर्जदाराच्या घरचा होता. मागायला आला तेव्हा अर्जदाराने विचारले, "काऊन पायजे बे?" कारण समजल्यावर अर्जदार हसला आणि पाट दिला. अर्ज खरा असावा, म्हणून हेही लिहिले.

त्या दिवशी पंकजने चार गोल खाल्ले. चौथ्याच्या वेळी तो हललाच नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी फळीवर कोणीतरी पॉलिथिनची पिशवी ठेवून गेले होते. आत त्याचे हातमोजे होते, धुऊन वाळवलेले.

५. पंकज बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तेव्हापासून तो कॉलेजात गेला नाही. कुण्या ठेकेदाराबरोबर हैदराबादला चौकीदारीला जातो म्हणतो. शनिवारी तीन वाजता भैंशाच्या संघाशी सामना आहे आणि त्याच संध्याकाळी सहाच्या मोटारीचे त्याने ठरवले आहे. म्हणून हा अर्ज तातडीचा आहे, यात फुटबॉलचा वाटा थोडा आहे.

६. बाकावर मात्र फुटबॉलच चालू आहे. शनिवारी गोलात कोण, यावर काल दीड तास भांडण झाले. सेवानिवृत्त मास्तर नागेशराव यांनी मिठाच्या पोत्यावर कोळशाने मैदान काढले आणि चंचल नावाच्या उंच पोराला उभे करा म्हणाले. भूषण म्हणाला, "तो त वाकतच नाही, मास्तर. बॉल पायाखालून गेला त त्याले पत्र टाकून कळवा लागन." जिनिंगवर वजनाचे काम करणारा सुरज म्हणाला, "गोलीच्या जागी आमची मैस उभी करा, आडवी त राहीन." सगळे हसले. अर्जदार बोलला, "पंकजले बोलवा." मग भूषण म्हणाला, "मामा, तुमीच त त्याले बसवलं. आता काऊन कळवळा?" अर्जदाराने चहाचे कप गोळा केले.

७. ही झडती उतरवावी म्हणून अर्जदाराने केलेल्या खटपटी:

कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, झडती आवाराबाहेर झाली, आम्ही काय करणार. ठाण्यात विचारले, तर मार लागला का, म्हणाले. नाही म्हटल्यावर त्यांनी पंखा मोठा केला.

जुन्या दस्तुराप्रमाणे झडती उतरवण्याचा अधिकार फक्त तोरणाच्या मानकऱ्याला, म्हणजे गावच्या पटेलाला असे. अर्जदार दहा वर्षांचा असताना बयनाबाई नावाच्या विधवेच्या म्हाताऱ्या बैलावर कोणीतरी फार लागेल अशी झडती म्हटली. बाई रडू लागली. तेव्हाच्या पटेलांनी काठी वर करून, "झडती उतरली," एवढेच म्हटले. पुन्हा त्या झडतीचा एक शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. अर्जदाराने हे डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून तो त्याच पटेलांचे नातू सुधाकरराव यांच्याकडे गेला आणि दोन शब्द बोला म्हणून विनवले. ते झोपाळ्यावर बसून म्हणाले, "आमची पटेलकी सरकारनं नेली, महिपत. आता सरकारलेच माग."

यात त्यांचे चुकले असे अर्जदारास वाटत नाही. पटेलकी गेली, तिचे दप्तर, नकाशे, शिक्के सगळे तहसिलीत जमा झाले. मग काठी वर करण्याचा अधिकारही त्याच गाठोड्यात आपल्याकडे आला असला पाहिजे. तो आपल्या कपाटात कुठेतरी असेल. मागचा अर्ज परत करताना आपले पेशकार म्हणाले, "सारू, ये फुटबॉल का मॅटर इधर नै चलता. तेलुगू में लाओ." आता तेलुगू तर्जुमा जोडला आहे. तो अर्जदाराची मुलगी प्रणिता हिने केला. निम्मा झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमी अर्ज देऊन राह्यले का गुन्हा कबूल करून राह्यले?" अर्जदाराने तिला पुढे लिही म्हटले. झडतीचा तर्जुमा मात्र तिला जमला नाही. तेलुगूत ती नुसती शिवी होते, म्हणाली.

८. आता जे मागच्या अर्जात लिहायचे धैर्य झाले नाही ते.

गेल्या रविवारी पंकजची आई प्रयागबाई दुकानात आली. ती भाजी पिकवते. मीठ घेतले, पुडी पदराला बांधली, आणि जाता जाता म्हणाली, "भाऊ, तुमीच त 'सोड' मनलं होतं ना?"

मामला असा आहे. अर्जदार दोन वर्षे प्रत्येक सामन्याला गोलखांबामागे उभा राहतो. पंकजला कडेचे दिसत नाही तेव्हा "डावीकडं," "उजवीकडं," "निघ," "सोड" असे सांगतो. पोरगा मागे वळून न पाहता ऐकतो. चौदा ऑगस्टला तो बॉल आला तेव्हा अर्जदार ओरडला, "सोड, पंकज, भाईर जाते!" पोराने हात मागे घेतला. बॉल वाऱ्याने आत वळला.

अर्जदार हे विसरला होता असे लिहिणे खोटे ठरेल. ओरडल्याचे आठवत होते. गोंगाटात पोराला ऐकू गेले नसेल, असे तो स्वतःला सांगत आला. हे सांगत सांगतच त्याने झडती रचली, आणि तिचे जुळलेले यमक पाहून खूश झाला.

प्रयागबाईने लेकाला विचारले होते, तोरणाखाली उलटून काऊन नाही बोलला. तो म्हणाला, "काय बोलू माय? बोललो असतो त मामाचं नाव घ्या लागलं असतं. बैलं उभे होते, सारं गाव उभं होतं."

महोदय, पोळ्याला गप्प राहणारा भित्रा असतो असे अर्जदार चाळीस वर्षे समजत आला. एखादा दुसऱ्याचे तोंड झाकायला आपले तोंड बंद ठेवतो, हे त्याला साठाव्या वर्षी मीठ तोलताना समजले.

अर्जदार त्याच संध्याकाळी पंकजच्या घरी गेला. पोरगा पाया पडला, बसायला पोते टाकले, पाणी दिले. अर्जदार म्हणाला, मी चुकलो. तो म्हणाला, "जाऊ द्या मामा, झडती हाय, पोळ्यालोक राहीन." दस्तूर त्याने धरून ठेवला आहे. अर्जदाराने एकट्यात मागितलेल्या माफीने झडती उतरत नाही, कारण अपमान चव्हाट्यावर झाला.

९. सबब मायबाप सरकारास विनंती अशी:

शनिवारी अडीच वाजता आपण स्वतः, किंवा आपला कोणीही शिपाई, मैदानावर येऊन काठी वर करावी आणि "झडती उतरली" एवढे दोन शब्द बोलावे. काठी अर्जदार आणील.

ते न जमल्यास, पोळा नसताना तोरण बांधण्याची एक दिवसाची परवानगी द्यावी. आंब्याचा डहाळा अर्जदाराच्या परसात आहे. तोरण गोलाच्या दोन खांबांना बांधले जाईल. त्या जागेला तोरणाची चौकट आधीच आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्याखाली अर्जदार भूषणने नेलेल्या त्याच पाटावर बसेल आणि स्वतःवरची झडती सगळ्या गावासमोर, भैंशाच्या पाहुण्यांसमोर, स्वतःच म्हणेल. उलट झडती म्हटली गेली की पहिली मिटते, असा दस्तूर आहे. ती पंकजनेच म्हणावी असे कुठे लिहिलेले अर्जदारास सापडले नाही, आणि आपल्या दप्तरात तसे असल्यास ते कृपया शनिवारनंतर काढावे.

बैल म्हणून प्रयागबाईचा एक बैल येणार आहे. त्याला पुरणपोळी अर्जदाराच्या घरून.

१०. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आपल्याकडून काही हुकूम न आल्यास कार्यालयाची हरकत नाही असे समजून अर्जदार आंब्याचा डहाळा तोडेल. पेशकारांनी हा अर्जही परत केला तरी तोडेल. आपल्या हुकमाचा मान आहेच, पण सहाची मोटार थांबत नाही.

ओरडून चुकलेला आणि लिहून सुधारू पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
महिपत बापूजी ठमके
हिवरधरा, दिनांक ९ सप्टेंबर २०२५

सोबत जोडले:

१) मागील अर्ज, लेखी शेऱ्याविना परत आलेला.

२) तेलुगू तर्जुमा, झडती वगळून.

३) शनिवारी म्हणावयाची झडती, मंजुरीसाठी:

दुकान याचं मिठाचं, बोलणं भलतं गोड,
खांबामागून कोण बोंबललं, "पंकज, सोड रे सोड"?
लेकरानं आयकलं, मोठ्याचा राखला मान,
चव्हाट्यावर त्याच तोंडानं केला अपमान;
महिपत झडतीकऱ्या, वय झालं साठ,
तुयाच बुडाखाली हाय, पाह्य, तुया पाट!
बोला, हर हर महादेव!

४) पाट, नग एक. शनिवारी बसायला लागणार असल्याने जोडला नाही.

५) हातमोजे, एक जोड. हेही जोडले नाहीत. अर्जदाराच्या गल्ल्यावर ठेवले आहेत. झडती म्हणून झाली की ज्याचे त्याच्या हातात द्यायचे आहेत, तीनच्या आत.