भाऊजींचा बंद बंगला

५ जून २००५
धर्मशाळा म्हणाले! मला!
आमच्या अमितच्या लग्नाला सहा महिने झाले. तो आणि मीना हॉलमध्ये झोपतात, आम्ही दोघं आतल्या खोलीत. पाण्याला उठायचं तरी मी आधी खोकते. आणि माझ्या सख्ख्या दिराचा, गोरक्ष भाऊजींचा इगतपुरीचा बंगला वर्षभर बंद! मुंबईहून येतात दिवाळीला आणि पावसाळ्यात एखाद्या रविवारी. अमित कामाला जातो तो कारखाना गोंद्याला, बंगल्यापासून जवळ. म्हणून फोनवर विचारलं, पोरांना राहू द्याल का?
"सेकंड होम आहे ते, वहिनी. धर्मशाळा नाही."
हे म्हणाले, "त्याचं घर, त्याची मर्जी." हो का!

१२ जून
बंगला झाडून घ्यायचं काम मात्र माझं. चाव्या आमच्याकडेच असतात. आज गेले. तीन बेडरूम, गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही! मागे मातीच्या भिंती आणि वर पत्रे अशा खोपटात राखणदार लहानू, त्याची बायको नवसाबाई आणि दोन मुली.
नवसाबाईने दिवाणखान्याकडे बोट केलं. "हितं आमचं भाताचं खाचर हुतं. सासऱ्यानं विकलं."
सहज म्हणाली. मी अमितसाठी भांडत होते — परत येताना बसमध्ये डोक्यात तीच बाई.

२३ जुलै
सकाळी लहानूचा फोन, स्टेशनजवळच्या बूथवरून. "खोपटाची भित बसली, बाई. पोरी भिजल्यात."
भाऊजींना कळवलं. "घर उघडू नका हं. सोफे खराब होतील. शाळेत देतात ना जागा त्यांना!"
सोफे! माणसं चिखलात आणि यांना सोफे!
मी आणि मीना मिळेल ती बस पकडून गेलो. दार उघडलं. नवसाबाई उंबऱ्यातच अडली — "सायेब लय वरडतील." मीनाने धाकटीला उचललं आणि सरळ गादीवर नेऊन ठेवलं. प्लास्टिक मी टराटरा फाडलं. काय बरं वाटलं!

२४ जुलै
भाऊजी पोलीस आणणार म्हणे. आणा!

२७ जुलै
हे बोलतच नव्हते माझ्याशी. आज चहा पिताना म्हणाले, "भिंत उभी राहीपर्यंत राहू दे त्यांना. गोरक्षला मी बघतो." तेवढंच. पण बोलले!

७ ऑगस्ट
मी बंगल्यावरच होते. भाऊजी आले. पोलीस नाहीत, गाडी नाही. दोन बॅगा आणि काखेत गेल्या वर्षी वारलेल्या जाऊबाईंचा फोटो. मुंबईचा फ्लॅट त्यांनी मुलांच्या नावावर केला होता. मुलांनी विकला. दोघांपैकी कुणाच्याच घरात जागा नाही म्हणे.
मला बोलायचं होतं बरंच.
भाऊजी व्हरांड्यातच उभे राहिले. शेवटी नवसाबाई पुढे झाली. "आत या, सायेब. भाकर टाकते."