राठोडांचं लग्न क्लाउडवर

१४ सप्टेंबर, रविवार
स्टुडिओची हार्ड डिस्क टकटक करते आहे. गेल्या कित्येक वर्षांची लग्नं तिच्यात आहेत, म्हणजे निम्मी घाटंजी आणि आजूबाजूची खेडी. मंजुषा म्हणाली, शेजारच्या कपिलच्या दुकानातून नवीन डिस्क आणा, कॉपी मारा, मोकळे व्हा. तिचा दोष नाही. स्टुडिओला तिचं नाव दिलं म्हणून टेक्नॉलॉजी कळेलच असं नाही. सगळं जग क्लाउडवर गेलं आणि आपण एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात ओतत बसायचं?
ठरलं. ऑनलाइन बॅकअप घ्यायचा. पण आधी अभ्यास. आठवड्यात निर्णय.

१८ सप्टेंबर, गुरुवार
एक्सेलमध्ये तक्ता सुरू. कंपन्यांची नावं लांबलचक, म्हणून चिन्हांवरून टोपणनावं दिली. निळी, छत्रीवाली आणि अमर्याद. निळी महिन्याला स्वस्त, पण जागा कमी. छत्रीवालीत जागा भरपूर, पण वर्षाचे पैसे एकदम आणि तेही डॉलरमध्ये. अमर्याद खरोखर अमर्याद आहे, फक्त खाली बारीक अक्षरांत एकाच कॉम्प्युटरपुरती. बारीक अक्षरं मी वाचतो. लोक वाचत नाहीत, मग रडतात.
एक गंमत सापडली. कोणी ‘बॅकअप’ म्हणतं, कोणी ‘सिंक’. एकाच साबणाला दोन कागद. दोन्ही रकाने मर्ज करून टाकले. तक्ता एकदम सुटसुटीत झाला.
दिवसभर दुकानात गिऱ्हाईक नाही. अभ्यासाला बरं.

२३ सप्टेंबर, मंगळवार
निर्णय नाही, पण प्रगती आहे. दिवाळीच्या ऑफरपर्यंत थांबणं शहाणपणाचं. तोवर निळीचं फुकट ट्रायल घेतलं. सगळ्यात मोलाचं आधी वर चढवायचं, म्हणून बंजारा तांड्यावरच्या अमरसिंग राठोडच्या मुलीचं लग्न निवडलं.
मोलाचं कशासाठी, तर बिजलीबाईसाठी. अमरसिंगची आई. जन्मात कधी फोटो काढू दिला नाही तिने. आधार कार्डाला नाइलाजाने बसली तेवढंच. त्या लग्नात फेटिया-कांचळी, म्हणजे त्यांचा घागरा-चोळी घालून, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरून मांडवाच्या कडेला बसली होती. मी कॅमेरा गळ्यात ठेवून नुसता शेजारी जाऊन बसलो. बांगड्यांचं विचारलं. म्हणाली, नातीच्या लग्नासाठी पेटीतून काढल्या, यानंतर घालायच्या नाहीत. मग कशावरून तरी खळखळून हसली आणि मी बटण दाबलं. एकच फ्रेम. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो.
अमरसिंगला अजून काहीच दिलेलं नाही. कलर करेक्शन बाकी आहे. घाईत दिलेलं काम माझ्या तत्त्वात बसत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
राठोडांचं लग्न डिस्कवरून कट केलं, लॅपटॉपवर निळीच्या फोल्डरमध्ये पेस्ट केलं. कॉपी नव्हे, कट. डिस्कचं ओझं कमी झालं तर टकटक थांबेल, असं माझं गणित.
अपलोड मुंगीच्या पावलांनी. दोनदा लाइट गेली. संध्याकाळी हिरवी टिकमार्क! मंजुषाला बोलावून दाखवली. तिने विचारलं, पण दुसरी कॉपी कुठं आहे? मी म्हणालो, वर. ती छताकडे बघून स्वयंपाकघरात गेली.

६ ऑक्टोबर, सोमवार
यवतमाळच्या दुर्गोत्सवात एका मंडळाचं शूट केलं. थकवा. व्हिडिओ इतके की लॅपटॉप पार आडवा झाला. जागा करायला राठोडांचं फोल्डर लॅपटॉपवरून डिलीट केलं. वर आहेच. निळीने मध्येच विचारलं, सगळीकडून काढायचं का? ओके दाबलं. असले प्रश्न घाबरट लोकांसाठी असतात.
मग तिचाच मेल, जागा भरत आली. पाहिलं तर ट्रॅश गच्च. तीही रिकामी केली. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. दुर्गेचे व्हिडिओ लॅपटॉपवर आणि डिस्कवर टाकले, कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट केली. आज फार हलकं वाटतं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. दुपार
अमरसिंग आला होता. बिजलीबाई आजारी आहे, अंथरुणावरून उठत नाही. कधी नव्हे ते स्वतःहून म्हणाली म्हणे, त्या लग्नातली मी कशी दिसते ते दाखव. “याडीले एक डाव पाहू द्या, भाऊ. अल्बम मंग करा आरामात.” याडी म्हणजे आई.
मी त्याला धीर दिला. फोटो क्लाउडवर आहे, तिथून काहीच जात नाही. मोठी प्रिंट काढून देतो, फ्रेमसकट. फक्त दिवाळीत प्लॅन फायनल होऊ दे, म्हणजे पूर्ण क्वालिटीत खाली उतरवता येईल. त्याला क्लाउड म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. मन लावून ऐकलं त्याने. जाताना विचारलं, “मोबाइलवर नाही दिसत का आत्ता?” म्हणालो, मोबाइलवर दाखवला तर फोटोचा अपमान होईल.
त्याला ते पटलं असावं.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पाडवा. छत्रीवालीची ऑफर आली, पण फक्त नवीन गिऱ्हाइकांना आणि तीन वर्षांसाठी. अमर्यादने भाव वाढवले. निळी जैसे थे. तक्त्याला नवीन रकाना, ‘तीन वर्षांत रुपया घसरला तर’. निर्णय भाऊबीजेनंतर.
मंजुषा म्हणाली, त्या बाईचा फोटो तेवढा देऊन टाका ना हो, कायले लटकवून ठेवलं? उद्या देतो म्हणालो. मनापासून म्हणालो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
बिजलीबाई आज पहाटे गेली. कपिलने सांगितलं.
आता प्रिंट काढायलाच हवी. तांड्यावर तेरवीला फोटो लागेल. लॅपटॉप उघडला. निळी उघडली. फोल्डर नाही.
नेट स्लो असेल. उद्या बघतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार
नेट चांगलं आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
निळीच्या मदतकेंद्राशी चॅट केली. पलीकडचा फार नम्र होता. सिंक म्हणजे इथे जे आहे तेच तिथे, इथलं काढलं की तिथलंही जातं, हे त्याने मला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी समजावलं. तशी सूचना दिली होती म्हणाला. ट्रॅशमध्ये बघा म्हणाला. ट्रॅश मीच रिकामी केली होती. शेवटी सेवेला किती स्टार देणार असं विचारलं. पाच दिले. त्या बिचाऱ्याचा काय दोष.
डिस्कवर आणि लॅपटॉपवर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. राठोडांच्या जागेवर दुर्गा बसली आहे. काही फायली नावाने सापडल्या, उघडल्या तर करड्या पट्ट्या.
बाकी सगळी लग्नं त्याच टकटकणाऱ्या डिस्कमध्ये सुखरूप आहेत. ज्या एकाची काळजी घेतली तेवढंच गेलं. मला हे कोणाला सांगावंसंही वाटत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
अमरसिंगचा फोन. म्हणालो, अमेरिकेतलं सर्व्हर बंद आहे. अगदी खोटं नाही, कुठलं ना कुठलं बंद असणारच. तो म्हणाला, “अमेरिकेतून यायचं म्हनल्यावर टाइम लागनच न, भाऊ. तेरवी सोमवारी हाये.” आवाजात जरासुद्धा संशय नव्हता. संशय असता तर रागावता आलं असतं.
लग्नाला आलेल्या कोणाच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो आहे का, ते आडून आडून विचारलं. नाही. मोबाइल दिसला की ती पदर ओढायची.
मंजुषाला सगळं सांगितलं. वाटलं भांडेल. ती ताट वाढून बाहेर जाऊन बसली. जेवण गेलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळ
शटर उघडायच्या आधीच अमरसिंग बाहेरच्या बाकावर बसला होता. डोक्याचे केस काढलेले. उद्या तेरवी. पिशवीत कपिलच्या दुकानात आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला फोटो. मला दाखवला. डोळे विस्फारलेले, तोंड घट्ट मिटलेलं, अर्धा चेहरा काळा. “पोरी पाहून घाबरल्या, भाऊ. याच्यात याडी नाही वाटत. तुमचाच फोटो लावतो म्हनलं सगळ्याईले. तुमच्याच भरोशावर हाये.”
सर्व्हर अजून सुरू झालेलं नाही म्हणालो. तो म्हणाला, बसतो मी, आज दुसरं काम नाही.

९ नोव्हेंबर, दुपार
अजून बसला आहे. मंजुषाने त्याला चहा नेऊन दिला. आत येऊन म्हणाली, तुम्ही सांगता का मी सांगू?
बाहेर गेलो. सांगितलं. अमेरिका नाही, सर्व्हर नाही, माझ्याच हाताने उडाला. तुझ्या आईला दाखवायचा राहिला तोही माझ्यामुळेच. रडू आलं, ते आवरलं नाही.
 अमरसिंगने माझ्या पाठीवर हात ठेवला. “जिवाले लावून घेऊ नका. तुमचा एवढा अभ्यास हाये, भाऊ. काढसान तुम्ही कुठून तरी.”
आणि परत बाकावर जाऊन बसला.
मी आत आलो आहे. लॅपटॉप समोर उघडा आहे. काय काढू?