गाडीच्या डाव्या कानाबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, पूर्वीचा धंदा लिफ्टदुरुस्ती, सध्या घरीच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, नशापाणी केलेले नाही. दडपण म्हणाल तर आहे, पण ते कोणा माणसाचे नाही. उद्या रविवारी सकाळी सात वाजता मी घरी बांधलेली गाडी पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर जाणार आहे आणि मला भीती वाटते. शेजारच्या औषधवाल्याने मृत्युपत्राचा छापील नमुना आणून दिला. त्याबरहुकूम लिहितो.

कलम १. राहते घर मागच्या शेडसह पत्नीला. शेड तिने पाडली तरी हरकत नाही. चार वर्षे ती शेडला 'सवत' म्हणत आली आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला.

कलम ३. सर्व हत्यारे मुलीला. चौदाचा पाना वाकडा आहे. इंजिनामागच्या एका नटापर्यंत पोचावा म्हणून तो मुद्दाम वाकवला आहे, कोणी शहाणपणा करून सरळ करू नये. वाळूची आठ पोतीही तिलाच. लिफ्ट दुरुस्त झाली की चाचणीला वजन म्हणून आधी पोती, मग मी, मग गिऱ्हाईक, हा क्रम मी तीस वर्षांत एकदाही मोडला नाही. त्यामुळे माझ्या हातून कोणाच्या केसालाही धक्का लागलेला नाही.

कलम ४. गाडी. दोन आसनी, बिनछताची. कंपनी कोणती, असे कोणी विचारल्यास, मी. इंजिन आमच्या जुन्या गाडीचे आहे. ते पुढची चाके फिरवायचे. मला मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी गाडी हवी होती. म्हणून त्या गाडीचा पुढचा सगळा संसार, इंजिन, गिअरबॉक्स, चाकांसकट, उचलून माझ्या गाडीच्या पाठीमागे नेला. सायलेन्सरची नळी सोयीची पडेल म्हणून इंजिन तोंड फिरवून बसवले. पहिला गिअर टाकला, तर गाडी सरळ मागच्या भिंतीत. पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला पाच, अशी ती जगातली एकमेव गाडी असावी. गल्लीने तिचे नाव 'माघारी' ठेवले. इंजिन काढून सुलटे करण्यात आठ महिने गेले, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

ही गाडी मी मुलीला ठेवली होती. ते वाक्य खोडले आहे आणि खोडल्याजागी छोटी सही केली आहे. कारण तिला दिली तर ती चालवेल.

कलम ५. 'पत्नीचे निधन माझ्याआधी किंवा माझ्याबरोबरच झाल्यास...'

ही ओळ नमुन्यातली आहे. औषधवाला म्हणाला, "काका, ती नुसती फॉर्मॅलिटी असते, उतरवून काढा." पण इथे माझा हात थांबला, तो अर्धा तास पुढे गेला नाही. उद्या पत्नी शेजारी बसणार आहे. "चार वर्षं शेडमध्ये चहा पोचवलाय मी. पहिली चक्कर माझी," असे तिने बजावले आहे. मी म्हणालो, "उद्या नको, वारा फार असतो." तर म्हणाली, "वारा कधीपासून बाधायला लागला तुम्हाला?"

आता खरे लिहितो. पुढची चाके मुळात वळण्यासाठी असतात. ती मागे आणली की वळता कामा नयेत. म्हणून प्रत्येक चाकापासून एक सळई आणून गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेल्या लोखंडी कानात, म्हणजे भोक पाडलेल्या जाड पट्टीत, अडकवली आहे. कान सुटला तर मागचे चाक आपल्या मर्जीने वळेल आणि स्टीअरिंग धरून बसलेल्या माणसाला काहीही करता येणार नाही. उजवा कान पक्का आहे. डावाही मीच वेल्ड केला. तो नीट बसला नाही हे मला तेव्हाच कळले. मी तो घासून गुळगुळीत केला, वर दोन हात काळा रंग दिला आणि कानाडोळा केला.

मंगळवारी शेजारच्या सीटवर पोती ठेवून गाडी गल्लीत फिरवली. वळणावर डाव्या बाजूने 'टक्' असा आवाज आला. एकदाच. तेव्हापासून पत्नी समोरून आली की मी दुसरीकडे बघतो. रंग खरवडायला चारदा शेडमध्ये गेलो आणि चारदा परत आलो. खरवडले तर दिसेल. दिसले तर मेहुण्याला बोलवावे लागेल.

कलम ६. मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, ग्रिल आणि दरवाजे बनवतो. त्याच्याइतके चांगले वेल्डिंग मी दुसऱ्या कोणाचे पाहिलेले नाही. हे माझ्या हयातीत त्याला कोणी सांगू नये. तीन वर्षांपूर्वी चार लोकांसमोर तो म्हणाला, "भाऊजी, हे वेल्डिंग आहे की कबुतरानं घाण केलीय?" सगळे हसले. पत्नीही हसली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही.

त्याला मी काहीही ठेवत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे नमुन्याच्या तळाशी छापले आहे, आणि दुसरा साक्षीदार म्हणून, औषधवाल्याकडून निरोप धाडून, मी त्यालाच बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. पण हा माणूस पावतीची मागची बाजूसुद्धा वाचतो. मला तोंडाने सांगता येत नाही. मरणापेक्षा त्याच्या हसण्याला मी जास्त घाबरत होतो, हे लिहिताना शरम वाटते. तिला काही झाले तर मला हे मृत्युपत्र काय, काहीच नको.

इथे माझे म्हणणे संपले. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करून कागद त्यांच्या हाती देत आहे.

(सही)

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : १४, शनिवार, दुपारी चार

साक्षीदार १ : (सही) औषधवाला, शेजारी

साक्षीदार २ : सही करत नाही. कागद घेऊन तसाच शेडमध्ये आलो. रंग खरवडला. कान बोटानं हलतोय. ताई इथंच उभी आहे, तिनंही सगळं वाचलंय. कुणी हसत नाहीये. बाहेर या, भाऊजी.