मधला खांब

२३ नोव्हें., रवि.
पेपर तपासायचे सोडून शेतात गेले. हरभऱ्याला पाणी दिलेलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे मोठ्या भाऊजींनीच दिलं. त्यांच्या रानातून, मागच्या छोट्या फाटकातून पाइप आत घेतलेला. पाइप आला, माणूस नाही.

हे कुंपण ह्यांचं. मोबाइलवर बघून बघून पसंत केलेलं, प्लास्टिकचं, पांढरंशुभ्र. सामान नांदेडहून. मोठ्या भाऊजींची बैलगाडी पूर्वापार आमच्या रानातून जायची, तिथं ह्यांनी स्कूटीपुरतं फाटक ठेवलं. भाऊजी बांधावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माझी गाडी जाईल तवाच मी आत येईन. चोरावानी फटीतनं येणार न्हाई." तेव्हापासून गाडी ओढ्याकडून वळसा घालून जाते. हे गेले तेव्हा भाऊजी लातूरच्या घरी आले, भावाला खांदा दिला. शेतात पाऊल नाही.

दोघेही हट्टी. हे जाऊन जिंकले म्हणायचं.

ह्यांच्याशिवाय पहिली दिवाळी, तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं. आजही नाही. लिहून ठेवते.

२५ नोव्हें., मंगळ.
आक्का शाळेत आल्या, डबा घेऊन. थोरली जाऊ शिपायाच्या स्टुलावर बसलेली बघून मुख्याध्यापक गडबडले. म्हणाल्या, "औंदा आपल्याला सण न्हाई. पर येळवस चुकवता येत न्हाई. रानाची पूजा हाय."
मी म्हटलं, एकाच कोपीत करू, पहिल्यासारखं.
त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मग, "त्यांचं तुला ठावं हाय."

ठावं आहे. मागून कुंपण उघडायचं, येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या आत. कडब्याच्या कोपीत एकटीनं बसून भज्जी खायची, तर फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर काय वाईट? ही माणसं नसतील तर मला ते रान नको. साधी गोष्ट आहे.

३० नोव्हें., रवि.
रफिकभाई आले. कुंपण त्यांनीच बसवलेलं. मी दोन झडपांचं मोठं फाटक मागितलं.
"मॅडम, बारा फुटाचं फाटक प्लास्टिकमधे करू नका. सहा महिन्यांत नाक जमिनीला घासतंय. आन् ही काळी माती. पावसात फुगती, उन्हात भेगाळती. खांब सरकला की कडीच बसत नाय."
मग काय? म्हणे, निघतं करू. दोन जाळ्या आणि मधला एक खांब. कडेचे दोन खांब आत लोखंडी पाइप घालून मुरमापर्यंत पक्के. मधल्याला जमिनीत फक्त बाही, म्हणजे मोठ्या पाइपचा तुकडा. खांब त्यात नुसता उभा. गाडी आली की जाळ्या काढायच्या, खांब वर उपसायचा, भोकावर झाकण. बारा फूट मोकळं.

पल्लवीचा नांदेडहून फोन. "पप्पांचं कुंपण तोडतेस?"
"तोडत नाही गं. निघतं करतेय."
"एकच ते."
मुलगी रडत होती. मी गॅसवर दूध बघत होते. दूध उतू गेलं नाही.

७ डिसें., रवि.
काम झालं. मी स्वतः खांब उपसून बघितला. जड नाही. परत ठेवला तर बाहीत डुगडुगतो.
"हलू द्या, मॅडम. हलतोय म्हणून तर निघतोय."

आक्कांना सांगितलं, मागं गाडीचा रस्ता झालाय, सांगा त्यांना. कसा झालाय, काय उपसायचं, ते सांगायचं राहिलं. आमचं सगळं असंच, आक्कामार्फत. लग्न झाल्यापासून थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर आणि तोंड बंद. दिवसभर नववीच्या वर्गावर ओरडणारी बाई मी, त्यांना पाणी हवं का हेसुद्धा आक्कांना विचारते. तेही तसेच. माझ्याविषयी काही बोलायचं असलं की बैलाकडे बघून बोलतात. बैलाला आमच्या घरातलं सगळं माहीत असणार.

१४ डिसें., रवि.
आक्कांचा फोन. "येतो म्हणलेत. गाडी जुंपून येणार."
बाजारात गेले. भज्जीसाठी वाटाणा, तुरीच्या शेंगा, मेथी, गाजरं. ताक आंबिलीसाठी सांगून ठेवलं. पल्लवीपण येते म्हणाली, तुटक.
बरं वाटलं. एवढंच.

१८ डिसें., गुरु.
रफिकभाईंना घेऊन दुपारी शेतात. आक्का कोपी बांधून घेत होत्या. जाळ्या सहज निघाल्या. खांब निघेना. रफिकभाईंनी खाली बघितलं. खांबाच्या बुडाला ओलं पोतं गुंडाळलेलं. पोतं काढलं तर आत सिमेंट. थापीनं छान गुळगुळीत केलेलं, बाहीत काठोकाठ.
"ये किसने डाला?"
आक्कांनी पदर तोंडाला लावला. "त्यांनी, पलीकडनंच हात घालून. म्हणले, बाईमाणूस बघून फसवलं तिला, फाटकाचा खांब दातावानी हलतोय. रोज सकाळी उठून पाणी मारायलेत त्याला."

मला हसू आलं. मोठ्यानं. ह्यांच्यानंतर पहिल्यांदा. ज्याच्या गाडीसाठी खांब निघता केला, त्यानंच तो पक्का केला. माझी काळजी म्हणून. रफिकभाई हसले नाहीत. त्यांचं काम बिघडलं होतं. म्हणाले, आता फोडावाच लागतो, बाही पण जाते, खांब पण. तसला खांब मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही.

मोठे भाऊजी पलीकडे होते. आक्का जाऊन बोलल्या. ते बैलाकडे बघत राहिले, मग घराकडे निघून गेले.

१९ डिसें., येळवस
सकाळीच सगळे. पल्लवी, आक्का, त्यांच्या सुना, शाळेतल्या दोघी. पूजा झाली. आंबील सुरेख झाली होती, सगळे म्हणाले. मला चव कळली नाही.

मागं जाळ्या काढलेल्या, मधे तो खांब एकटा. माणूस दोन्हीकडून जाईल, गाडी जाणार नाही. पलीकडे मोठे भाऊजी गाडी जुंपून उभे. नवा फेटा. बैलांना झुली. आत येईनात. आक्कांनी हाक मारली, सुनांनी मारली. पल्लवी गेली, "काका, चला ना." नाही.

मग ते गाडीवरून उतरले. गाडीतून घण काढला. खांबापाशी आले. बैलाकडे बघितलं नाही, आक्कांकडे नाही. माझ्याकडे बघून म्हणाले,
"सुनंदा, फोडू का?"

मला शाळेत मॅडम म्हणतात. घरात आई, काकू, बाई. सुनंदा फक्त हे म्हणायचे. हे गेल्यापासून ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. आणि मला रडू फुटलं. स्मशानातून माणसं परत आली तेव्हा नाही, तेराव्याला नाही, आणि आज सगळ्यांसमोर, भज्जीचा हात तसाच. हो म्हणायचं होतं. रडण्यात राहून गेलं.

सगळ्यांना वाटलं, मी खांबासाठी रडतेय. ह्यांचा खांब म्हणून. पल्लवीनं मला मिठी मारली, "नाही फोडत आई, कुणी नाही फोडत." भाऊजींनाही तेच वाटलं. घण गाडीत ठेवला. मान खाली घालून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याचं हाय." यावेळी बैलाला. गाडी वळवली. ओढ्याकडून गेले.

आक्कांनी ताट बांधून नेलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आक्कांना फोन लावला आणि कापला. आक्कामार्फत नाही. खांब फोडा, हे मी त्यांना जाऊन सांगायला पाहिजे. मी त्यांच्याशी आजवर एक वाक्य बोललेली नाही. तोंडावर त्यांना काय म्हणून हाक मारायची, तेही माहीत नाही. दार वाजवून नुसती उभी राहिले तर परत रडेन, आणि ते परत पाणी मारायला लागतील त्या खांबाला.

उद्या शनिवार, अर्धी शाळा. दुपारी त्यांच्याकडे जाते.